डिजिटल चिकटवही: पत्र्याच्या पेटीतले फोटो पुस्तकात कसे आणायचे

पंच्याहत्तरीला साडी नको, सोनं नको, असं आईनेच बजावलं होतं. मग माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली उतरवली आणि तिच्यातल्या फोटोंचं पुस्तक करायचं ठरवलं. वाटलं, तीन-चार रविवारांत होईल. लागले सात महिने. त्यातले तीन तरी मी उलट्या टोकाने सुरुवात केल्यामुळे गेले. आधी ॲपं उतरवली, मग तयार टेम्प्लेटं बघत बसले, मग फुलापानांचे स्टिकर गोळा केले. फोटो अजून पेटीतच होते. तुमचे तीन महिने वाचावेत म्हणून हे लिहितेय.

शाळेत आपण चिकटवही करायचो ना, कात्रणं आणि खळ घेऊन? डिजिटल स्क्रॅपबुक म्हणजे तेच. फोटो, पत्रं, पत्रिका स्कॅन करायच्या, संगणकावर पानं लावायची, शेजारी चार ओळी लिहायच्या, आणि शेवटी पीडीएफ किंवा छापील पुस्तक करायचं. मूळ वस्तू फाटत नाहीत, आणि एकाऐवजी दहा प्रती निघतात.

१. विषय लहान धरा

“आमच्या घराण्याचा इतिहास” या नावाने फोल्डर उघडलात तर तो तसाच पडून राहणार. मी आधी आईचं सगळं आयुष्य घ्यायला निघाले होते. शेवटी १९७३ ते १९८३, म्हणजे लग्नानंतरची पहिली दहा वर्षं एवढंच ठेवलं. ४० पानं, सव्वाशेच्या आत फोटो. एक लग्न, एक घर, मुलाचं पहिलं वर्ष, आजीच्या पाककृती, यातलं काहीही एक चालेल. पहिलं पुस्तक पूर्ण झालं की दुसऱ्याचा हुरूप आपोआप येतो.

२. काय काय लागतं

साहित्य:
- फ्लॅटबेड स्कॅनर, म्हणजे काचेवर फोटो पालथा ठेवायचा तो. घरच्या ऑल-इन-वन प्रिंटरवरचा उत्तम चालतो.
- स्कॅनर नसेल तर फोन आणि खिडकीजवळचं टेबल
- मऊ ब्रश, सुती हातमोजे, जुना मऊ सुती कपडा
- दातात घालायचा दोरा, म्हणजे डेंटल फ्लॉस (कशाला ते पुढे येतं)
- मऊ शिशाची पेन्सिल, बटर पेपर, कागदी पाकिटं
- बाहेरून जोडायची हार्ड डिस्क किंवा दोन पेनड्राइव्ह

कागदपत्रं: फोटोंपेक्षा इथे जास्त माल सापडतो. लग्नपत्रिका, लग्नात वाटलेली छापील मंगलाष्टकं (नातेवाइकांची नावं गुंफलेली असतात, नाती लावायला सोन्यासारखी), निळी अंतर्देशीय पत्रं, पोस्टकार्डं, शाळा सोडल्याचा दाखला, प्रगतिपुस्तक, जुनं रेशनकार्ड, फराळाची प्रमाणं लिहिलेली वही. आमच्याकडे एका कॅलेंडरच्या मागे दुधाचा हिशोब आणि त्याखाली “बाळाने आज कूस पालटली” अशी ओळ सापडली. ती पुस्तकात अख्खं पान घेऊन बसली आहे.

३. अल्बममधून फोटो सोडवताना

माझी पहिली आणि सगळ्यात वाईट चूक इथली. काळ्या कागदाच्या जुन्या अल्बमात फोटो कोपऱ्यांत अडकवलेले असतात, ते अलगद निघतात. पण नंतर जे चिकट पानांचे आणि वर प्लास्टिक असलेले अल्बम आले, त्यांचा गोंद वर्षानुवर्षं मुरून दगड झालेला असतो. मी एक फोटो नखाने उचलून ओढला. वरचा अर्धा फोटो हातात आला, आजोबांचे पाय अल्बमातच राहिले.

फ्लॉसचा दोरा दोन्ही हातांत ताणून धरा, फोटोच्या कोपऱ्याखाली सरकवा आणि करवत चालवल्यासारखा हळूहळू पुढे न्या. तरी निघत नसेल तर सोडून द्या आणि पानासकट स्कॅन करा. फ्रेममधला फोटो काचेला चिकटला असेल तर त्यालाही हात लावू नका, काचेवरूनच तिरप्या उजेडात फोटो घ्या. धूळ ब्रशने झाडा. ओलं फडकं किंवा कसलाही स्प्रे फोटोवर मारू नका.

आणि हे काम पावसाळ्यात काढू नका. दमट हवेत फोटो एकमेकांना चिकटतात, बुरशी धरते. दिवाळीनंतरची कोरडी हवा बरी.

४. स्कॅनिंग

इथे घाई केलीत तर सगळं दुसऱ्यांदा करावं लागतं, म्हणून जरा गणित सांगते. छापताना एका इंचात ३०० ठिपके (म्हणजे ३०० डीपीआय) लागतात. ४×६ इंचांचा फोटो ३०० डीपीआयवर स्कॅन केला तर तो तेवढ्याच आकारात नीट छापता येईल. मोठा करायचा असेल तर ६०० वर करा, म्हणजे लांबी-रुंदी दुप्पट करता येते. मी सगळंच ६०० वर केलं, पश्चात्ताप झाला नाही.

लहान फोटोंचा प्रश्न वेगळा. बाबांकडे आग्फा क्लिक थ्री हा कॅमेरा होता. त्याच्या एका रोलमध्ये बाराच फोटो निघायचे, चौकोनी, ६×६ सेंटिमीटरचे, आणि पैसे वाचवायला लोक निगेटिव्हच्याच मापाचे प्रिंट काढून घेत. असा फोटो म्हणजे जेमतेम सव्वादोन इंच. ६०० वर स्कॅन केला तर १३५० पिक्सेल होतात, म्हणजे छापील साडेचार इंच. पानभर हवा असेल तर १२०० वर करा. निगेटिव्ह सापडली तर भाग्यवान आहात, कारण प्रिंटपेक्षा तिच्यात तपशील जास्त असतो. पण निगेटिव्हसाठी मागून प्रकाश देणारा स्कॅनर लागतो. घरच्या साध्या स्कॅनरवर ती काळी पट्टीच दिसेल. ते काम फोटो लॅबकडून करून घ्या, आणि निगेटिव्ह परत घ्यायला विसरू नका.

आणखी काही बारीक गोष्टी. कृष्णधवल फोटोही रंगीत मोडवरच स्कॅन करा, नाहीतर त्याचा पिवळसर तपकिरी रंग आणि शाईच्या खुणा जातात. कातरलेल्या नक्षीदार कडा कापू नका. मागे काही लिहिलं असेल तर मागची बाजूही घ्या. स्कॅनरमधली “आपोआप सुधारा” ही सोय बंद ठेवा. ‘सुधारणा’ नंतर प्रतीवर करता येते, मुळावर नको.

फोटो साठवायचे दोन प्रकार स्कॅनर विचारतो: फाइल टिफमध्ये ठेवायची की जेपेगमध्ये? जेपेग दर वेळी बदल करून सेव्ह केली की थोडी झिजते, टिफ झिजत नाही. पण ६०० डीपीआयवरची ४×६ ची एक रंगीत टिफ साधारण २५ एमबीची होते. असे ३०० फोटो म्हणजे साडेसात जीबी. गूगलची फुकटची जागा १५ जीबी आहे, आणि त्यात ईमेलही आलं. मी मधला मार्ग काढला. पुस्तकात जाणारे फोटो टिफमध्ये, बाकीचे सर्वात वरच्या दर्जाच्या जेपेगमध्ये.

स्कॅनर नसलेल्यांनी गूगलचं फोटोस्कॅन ॲप वापरावं. ते एकाच फोटोचे चार-पाच कोनांतून शॉट घेतं आणि त्यांतून वरची चमक काढून टाकतं. फ्लॅश बंद, ट्यूबलाइट बंद, खिडकीचा उजेड बाजूने. मोठ्या छपाईला हे कमी पडतं, पण नागपूरच्या मावशीच्या घरून तिचा अल्बम उचलून आणता येत नाही, तेव्हा हाच उपाय.

मावशीवरून आठवलं. नातेवाइकांना फोटो व्हॉट्सॲपवर मागवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा. साध्या पद्धतीने पाठवलेला फोटो दाबून लहान केला जातो. फोनवर झकास दिसतो, कागदावर चेहरे चिखल होतात. मला हे छापून आल्यावर कळलं.

५. साल शोधा, नाव द्या

स्कॅन केलेल्या फाइलवर तारीख आजची पडते. त्यामुळे फोनमध्ये आजोबांची मुंज आणि कालची भाजी शेजारी-शेजारी येतात. फाइलच्या नावात वर्ष आधी, मग महिना, मग प्रसंग: १९७३-०५-लग्न-००१. अशी नावं आपोआप काळाच्या क्रमाने लागतात. नक्की माहीत नसेल तर “१९७८-सुमारे” लिहा, पण रिकामं सोडू नका. डिजिकॅम या मोफत प्रोग्राममध्ये फोटोची आतली तारीखही बदलता येते. गूगल फोटोजमध्येही तारीख बदलता येते, पण ती फक्त तिथेच दिसते.

साल काढायचं कसं? लग्नपत्रिकेवर बहुतेक वेळा शक असतो. शकात ७८ मिळवले की इसवी सन मिळतं. पत्रिका जानेवारीनंतरच्या, म्हणजे माघ-फाल्गुनाच्या मुहूर्ताची असेल तर ७९. आईबाबांच्या पत्रिकेवर वैशाख, शके १८९५ आहे, म्हणजे मे १९७३.

फोटोची पार्श्वभूमीही बोलते. माझा भाऊ रांगतानाचा एक फोटो आहे, मागे भिंतीवर कालनिर्णय. स्कॅन मोठा केल्यावर महिना मे दिसला आणि रविवारच्या लाल ओळीत १ तारीख. एक मे रविवारी आला ती वर्षं १९७७, १९८३, १९८८. भावाचा जन्म १९८२ चा, म्हणजे १९८३ च. तोवर घरात सगळे तो फोटो “८५ चा असेल” म्हणत होते. (कालनिर्णय निघतं १९७३ पासून, त्यामुळे ते भिंतीवर दिसलं की फोटो त्याआधीचा नाही एवढं तर नक्की.)

६. मग माणसांना बोलतं करा

स्कॅनिंग आधी आणि गप्पा नंतर, असा क्रम मी मुद्दाम ठेवला. आईच्या डोळ्यांना दोन इंचांचा फोटो दिसत नाही. तोच टॅबवर मोठा केला की ती कोपऱ्यातल्या तांब्यावरूनसुद्धा घर ओळखते.

“हा कोण?” एवढंच विचारलंत तर नाव मिळेल आणि गप्पा संपतील. विचारा, “फोटो काढायच्या आधी काय चाललं होतं?”, “हे कपडे कुठले?”, “फोटो काढणारा कोण?” डिसेंबर १९७३ चे महाबळेश्वरचे नऊ फोटो आहेत. सगळ्यांत आईचा उजवा हात छातीशी. आम्ही भावंडं लहानपणापासून समजत होतो की नवी नवरी लाजतेय. या वेळी सहज विचारलं, तर ती हसायलाच लागली. स्वेटर शेजारच्या वहिनींकडून मागून नेलेला, आणि पहिल्याच दिवशी त्याचं मधलं बटण तुटून पडलेलं. ते दिसू नये म्हणून चार दिवस हात तिथेच. परत आल्यावर वहिनी महिनाभर बोलल्या नाहीत. पानावर मी आधी “महाबळेश्वर, १९७३” असं लिहिलं होतं. आता तिथे बटणाची गोष्ट आहे, आणि पुस्तक हातात घेणारा प्रत्येक जण त्या पानावर थांबतो.

बोलणं फोनवर रेकॉर्ड करा. एका बैठकीला पाऊण तास पुरे, त्यापुढे म्हातारी माणसं दमतात. एका वेळी दहा-बारा फोटोंच्या वर दाखवू नका. दोन बहिणींना एकत्र बसवलंत तर वाद होतील. तेही रेकॉर्ड करा. उखाणे, ओव्या, अंगाईगीतं म्हणून घ्या, ती फोटोत सापडत नाहीत.

काही गोष्टी विचारूनच पुस्तकात घ्या. आईबाबांच्या लग्नाच्या ग्रुप फोटोत एक काकू आहेत, ज्यांचा नंतर घटस्फोट झाला. त्यांना कापून काढा असं एकजण म्हणाले. मी काकांना आणि त्या काकूंना दोघांनाही फोन केला. दोघांचीही हरकत नव्हती, फक्त काकू खाली नाव नको म्हणाल्या. नाव नाही टाकलं. अंघोळीचे बाळाचे फोटो, जन्मतारखा, पत्ते, रेशनकार्डाचा नंबर ज्या प्रतीत आहेत, ती प्रत लिंक करून गावभर पाठवू नका.

७. पान लावणं

आता कुठे सॉफ्टवेअर. कॅनव्हा या पानं लावायच्या ॲपची मोफत आवृत्ती नवशिक्यांना पुरते. पानाचा आकार सुरुवातीलाच ठरवा आणि लॅबला विचारूनच ठरवा, कारण मागाहून आकार बदलला की सगळं विस्कटतं. मी १०×१० इंच घेतला, म्हणजे ३०० डीपीआयवर ३०००×३००० पिक्सेल. पॉवरपॉइंट येत असेल तर तेही चालतं, फक्त ते सेव्ह करताना फोटो आपोआप बारीक करतं. पर्यायांत जाऊन ते आधी बंद करा.

एका पानावर एक मोठा फोटो आणि फार तर दोन लहान. मोकळी जागा राहू द्या. नेटवरच्या विकतच्या बॅकग्राउंडपेक्षा घरातलंच काही स्कॅन करा. मी आजीच्या इरकलीचा काठ थेट स्कॅनरच्या काचेवर ठेवला आणि तो प्रत्येक प्रकरणाच्या पहिल्या पानाची किनार झाला. गोधडीचे टाके फिकट करून मजकुरामागे घातले. असं पुस्तक दुसऱ्या कुणाकडे नसतं.

चेहरे ठळक करणारी, कृष्णधवल फोटो रंगवणारी एआयची ॲपं मीही वापरून पाहिली. एका फोटोत आईचं नाक सरळ झालं आणि साडी निळी. आई म्हणाली, “ही मी नव्हेच, आणि ती साडी मोतिया होती.” ओरखडे, डाग काढायला हरकत नाही. चेहऱ्याला हात लावू नका.

८. मराठी मजकुराची गोम

युनिकोड फॉन्टच वापरा, म्हणजे मजकूर कुठल्याही संगणकावर वाचता येतो. मुक्त, बालू, तिरो देवनागरी मराठी हे मोफत मिळतात, आणि शेवटच्यात आपल्या वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ येतात. जुन्या डीटीपी फॉन्टांत टाइप केलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला की अगम्य चिन्हं होतो. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्तीत टाइप करत असाल तर मजकुराच्या सेटिंगमध्ये ‘वर्ल्ड-रेडी लेआउट’ निवडा, नाहीतर जोडाक्षरं फुटतात. पीडीएफ काढल्यावर प्रत्येक पान डोळ्यांनी वाचा. माझ्या पहिल्या प्रुफात “लग्नपत्रिका”तला ‘त्र’ फुटून ‘त्‌र’ झाला होता आणि लॅबमधल्या मुलाला त्यात काहीच खटकलं नव्हतं. अक्षर १४ पॉइंटच्या खाली नेऊ नका, पुस्तक पंच्याहत्तरीच्या डोळ्यांसाठी आहे.

९. छापायला देताना

लॅबवाले ‘करिझ्मा’ म्हणतात तो जाड पानांचा लग्नाचा अल्बम भारी दिसतो, पण वजनदार असतो. आईला मांडीवर घेता आला पाहिजे, म्हणून मी साध्या फोटोबुकवर थांबले. लॅबला हे विचारा: पानं चारच्या पटीत लागतात का, कडेला कापणीसाठी किती जागा सोडायची (बहुधा ३ मिलिमीटर), आणि पान पूर्ण सपाट उघडतं का. नसेल उघडत तर चेहरे मधल्या घडीवर येऊ देऊ नका. मजकूर कडेपासून किमान एक सेंटिमीटर आत ठेवा. स्क्रीनवरचे रंग कागदावर थोडे मंद येतात, म्हणून आधी एक-दोन पानं छापून बघा.

सगळ्या प्रती एकदम छापू नका. मी एक प्रत काढून आईच्या हातात पेन्सिलीसकट दिली. तिने सात चुका काढल्या, त्यातल्या दोन नावांच्या. एका चुलत आत्याला मी दुसऱ्याच घरात दिलं होतं.

१०. प्रती ठेवा, वेगवेगळ्या घरांत

तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक घराबाहेर, हा साधा नियम. हार्ड डिस्क, क्लाउड (म्हणजे गूगलसारख्यांची इंटरनेटवरची जागा) आणि एक पेनड्राइव्ह दुसऱ्या गावी. क्लाउडच्या भरवशावरच राहू नका. दोन वर्षं न उघडलेलं गूगल खातं बंद करून त्यातलं सगळं पुसण्याचं गूगलचं धोरण आहे. ज्याच्या नावावर खातं आहे त्याच्या पश्चात ते कोण उघडणार, हेही ठरवून ठेवा. रेकॉर्डिंगचे क्यूआर कोड पुस्तकात छापणार असाल तर ऑडिओ फाइली पेनड्राइव्हवरही द्या, कारण लिंक मेली की कोड म्हणजे नुसती नक्षी. २००५ च्या आसपासच्या सीडी घरात असतील तर या आठवड्यात उतरवून घ्या, आमच्या पाचपैकी दोन उघडल्याच नाहीत. मूळ फोटो बटर पेपर मध्ये घालून कागदी पाकिटांत ठेवा, चिकट अल्बमात परत नको. मागे लिहायचं तर पेन्सिलीने, कडेला. बॉलपेनचा दाब पुढे उमटतो.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्या दिवशी कल्याणला आत्याच्या तळमजल्यावरच्या घरात छातीभर पाणी होतं. तिने भिजलेले अल्बम तसेच उन्हात ठेवले आणि पानांच्या विटा झाल्या. (ओले फोटो ओले असतानाच वेगळे करायचे, स्वच्छ गार पाण्यात हलकेच खळबळायचे आणि सावलीत पसरायचे. तेव्हा कुणाला माहीत होतं?) तिच्या लग्नाचे अकरा फोटो तेवढे उरले, कारण त्यांच्या प्रती तिने पूर्वी आईला पोस्टाने पाठवल्या होत्या आणि त्या पत्र्याच्या पेटीत होत्या. आमच्या पुस्तकाचा पेनड्राइव्ह आता आत्याकडे आहे. तिने तो देव्हाऱ्याच्या खणात ठेवलाय. आणि हो, ती आता तिसऱ्या मजल्यावर राहते.